बेकार राहणं ज्यांना परवडत नाही

रत्नागिरीकडच्या एका तरुण थर्ड ऑफिसरने विचारलंय: "आमच्या जहाजावर २२ जणांत १५ फिलिपिनो आहेत. मनिलात काही झालं की मेसमध्ये सगळे फोनला चिकटतात, दोघं-तिघं तर एकमेकांशी बोलायचेही थांबतात. पण बातम्यांत बघावं तर तिथली बेकारी जेमतेम चार-पाच टक्के. मग इतकी माणसं घरदार सोडून बाहेर का पडतात? आणि वरच्या राजकारणाचा यांच्या घरावर नेमका कसा परिणाम होतो?"

तुझा चार-पाच टक्क्यांचा आकडा बरोबर आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मी आधी १४ वर्षं जहाजांवर होतो, मग क्रूइंगला, म्हणजे जहाजांसाठी माणसं भरण्याच्या कामाला, आलो आणि त्यातली ९ वर्षं मनिलात काढली. खलाशी निवडायचे, त्यांची कागदपत्रं तपासायची, घरी पैसे पोचले नाहीत म्हणून आलेल्या बायकांच्या तक्रारी ऐकायच्या, हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे या घरांचे हिशोब समोर बसून पाहिलेत. तेच सांगतो.

बेकारी मोजतात ती अशी: सरकारचे लोक घरी येऊन विचारतात, गेल्या आठवड्यात तासभर तरी काम केलंत का? हो म्हटलं की तो माणूस कामावर धरला जातो. घरच्या दुकानात बिनपगारी बसणारी मुलगीसुद्धा कामावर. ही व्याख्या जगभर चालते, आपल्याकडेही साधारण तशीच आहे. त्यात २००५ मध्ये फिलिपिन्सनं आणखी एक अट घातली की, माणूस लगेच कामाला यायला तयार असेल तरच त्याला बेकार म्हणायचं. एवढ्या एका बदलानं दोन आकडी टक्केवारी एक आकडी झाली. नवी नोकरी मात्र कुणाच्याही घरी आली नव्हती.

डिसेंबर २०२४ मध्ये तिथली बेकारी ३.१ टक्के नोंदली गेली. त्याच महिन्यात सोशल वेदर स्टेशन्स या तिथल्या जुन्या सर्वेक्षण संस्थेनं कुटुंबांना विचारलं, तुम्ही स्वतःला गरीब समजता का? ६३ टक्के घरांनी हो म्हटलं. गेल्या २१ वर्षांतला तो सगळ्यात वरचा आकडा होता. दोन्ही आकडे एकाच देशाचे, एकाच महिन्याचे, आणि दोन्ही खरे. कारण तिथला गरीब माणूस बेकार राहूच शकत नाही. बेकारी भत्ता म्हणावा असा काही नाही. २०१९ पासून सामाजिक सुरक्षा योजनेतून दोन महिन्यांपुरती थोडी मदत मिळते, पण ती ज्याचे हप्ते भरले गेलेत त्या पगारदाराला. बाकीच्यांनी संध्याकाळच्या भाताची सोय त्याच दिवशी करायची. मग कुणी ट्रायसिकल, म्हणजे बाजूला डबा जोडलेली भाड्याची मोटारसायकल, चालवतो, कुणी दुसऱ्यांचे कपडे धुते, कुणी बांधकामावर आठवड्यातले तीन दिवस जातो आणि उरलेले चार दिवस बोलावण्याची वाट बघतो. यातला कुणीच बेकार नाही. यातल्या एकाच्याही पगारावर घर चालत नाही.

गल्लीतलं 'सारी-सारी' दुकान तू पाहिलं नसशील. घराच्या खिडकीला लोखंडी जाळी, आत चार फळ्या, आणि सगळं सुट्टं: एक सिगारेट, शाम्पूची एक पुडी, प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिलेलं दोन फोडण्यांपुरतं तेल. असं सुट्टं घेण्याला ते 'टिंगी' म्हणतात. ज्याच्या हातात आज फक्त आजचेच पैसे आहेत तो बाटली घेऊ शकत नाही, म्हणून तेच तेल त्याला महाग पडतं. दुकानाच्या वहीत अख्ख्या गल्लीची उधारी असते. दुकान चालवणारी बाई बहुतेक वेळा कुणातरी बाहेरगावी असलेल्याची बायको किंवा आई, आणि दुकानाचं भांडवल त्या बाहेरच्याच्या पैशातून आलेलं. म्हणजे जहाजावरचा एक पगार त्या गल्लीतल्या वीस घरांची उधारी पेलत असतो.

उधारी संपली की येतो 'फाइव्ह-सिक्स'. पाच घ्या, सहा परत द्या, तेही महिना-दीड महिन्यात, रोजच्या हप्त्यानं. हे कर्ज देणारे मोटारसायकलवर फिरतात आणि त्यातले बरेचसे भारतीय असतात, मुख्यतः पंजाबी. तिथे त्यांना 'बुंबाय' म्हणतात. हा शब्द बॉम्बेवरून आलाय, आणि पुढे भारतीय दिसणाऱ्या कुणालाही तो चिकटला. मी पहिल्यांदा एका खलाशाच्या घरी गेलो तेव्हा त्याची आई मला बघून पटकन आत गेली आणि खुर्द्याची डबी घेऊन बाहेर आली. हप्ता मागायला आलोय असं तिला वाटलं. मी मुंबईहूनच आलेला माणूस, पण त्या शब्दाचा अर्थ तिच्या घरात काय आहे हे त्या डबीनं मला कळलं. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी फाइव्ह-सिक्सवाल्यांना अटक करण्याचे आदेश दिले आणि गरिबांसाठी शंभर कोटी पेसोंची स्वस्त कर्ज योजना आणली. योजनेला कागद लागतात, दुकान नोंदलेलं लागतं, दिवस लागतात. मोटारसायकलवाला दारात उभा असतो आणि काही विचारत नाही. तो धंदा संपला नाही.

आता शिकलेल्या मुलांचं काय, असं तू विचारशील. मॉलमध्ये, कारखान्यात, फास्टफूडच्या काउंटरवर नोकऱ्या आहेत. पण तिथल्या कायद्यानं सहा महिने झाले की कामगाराला कायम करावं लागतं. म्हणून पाचव्या महिन्यात त्याला सोडतात. याला 'एंडो' म्हणतात, 'एंड ऑफ कॉन्ट्रॅक्ट'चं तोडकं रूप. पाच महिने एका मॉलमध्ये, दोन महिने घरी, मग पाच महिने दुसऱ्या मॉलमध्ये. अशी सात-आठ पत्रं फायलीत घेऊन पोरं माझ्याकडे मेसमनच्या, म्हणजे जहाजावर जेवण वाढणाऱ्याच्या, जागेसाठी यायची. २०१६ च्या निवडणुकीत दुतेर्ते यांनी एंडो बंद करण्याचं वचन दिलं होतं. संसदेनं तसं विधेयक मंजूरही केलं. जुलै २०१९ मध्ये त्यांनी स्वतःच ते नकाराधिकार वापरून परत पाठवलं. त्या आठवड्यात माझ्या ऑफिसात एक मुलगा आला होता, २४ वर्षांचा, हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला. तो म्हणाला, "सर, मी त्यांना मत दिलं होतं ते याच एका गोष्टीसाठी." एवढंच बोलून त्यानं फाइल पुढे सरकवली.

मनिलात लुनेता पार्कच्या कडेला टी. एम. कालाव रस्ता आहे. तुझा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम), फिटर, कुक, सगळे कधी ना कधी तिथे उभे राहिलेत. सकाळी सातपासून मॅनिंग एजन्सीचे, म्हणजे जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या कंपन्यांचे, लोक छातीवर पाट्या घेऊन उभे असतात: ऑइलर (इंजिनरूममधले मदतनीस) हवेत, एबी (अनुभवी खलाशी) हवेत, चीफ कुक हवा, बल्क कॅरिअरचा अनुभव पाहिजे. समोर शेकडो माणसं, प्रत्येकाच्या काखेत प्लास्टिकचं पारदर्शक पाकीट, त्यात सीमन बुक, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं, मेडिकल. काहीजण रात्रीच्या बसनं आलेले असतात आणि तिथल्याच कट्ट्यावर झोपून उठलेले असतात. नव्या पोरांची अवस्था आणखी वाईट. नॉटिकलची पदवी हातात असूनही कॅडेटची जागा मिळत नाही, म्हणून ती एजन्सीत 'युटिलिटी' म्हणून राहतात. झाडू मारायचा, चहा-जेवण आणायचं, साहेबाची गाडी धुवायची, पासपोर्ट घेऊन सरकारी कचेरीत रांग लावायची. वर्ष-वर्ष, कधी दोन वर्षं, पगार नाही किंवा नावापुरता, या आशेवर की एक दिवस एजन्सी जहाजावर पाठवेल. मी ज्या एका एजन्सीसोबत काम केलं तिथे अशी ११ पोरं होती. हे थांबवा म्हणून मी मालकाशी भांडलो. तो म्हणाला, हे गेले तर उद्या सकाळी दारात पन्नास उभे राहतील. दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन बघितलं. उभे होते.

जो जहाजावर चढला तो तरी सुटला का? जगातल्या दर चार-पाच खलाशांत एक फिलिपिनो असतो. पण तो कंपनीचा कायम नोकर नसतो. नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं की तो पुन्हा कुणाचाच नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही २००२ मध्ये खलाशी हा कंत्राटीच कामगार असतो असं ठरवून टाकलं. म्हणजे आपण ज्याला सुट्टी म्हणतो ती त्याची बेकारी असते, बिनपगारी. ती दोन महिने चालेल की सात, हे त्याच्या हातात नसतं. २०२४ च्या मार्चमध्ये तांबड्या समुद्राजवळ एडनच्या आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, त्यात दोन फिलिपिनो खलाशी गेले. धोक्याच्या पट्ट्यात जायला नाही म्हणण्याचा हक्क त्यांना कायद्यानं आहे. पण नाही म्हटलं तर पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल का, ही भीती त्या हक्कापेक्षा मोठी असते. माझ्या टेबलासमोर बसून कित्येकांनी त्या फॉर्मवर 'जायला तयार' अशी सही केलीय आणि मान वर केली नाही.

आमच्या एका बोसनची वही मी पाहिलीय. इलोइलोचा माणूस, ५१ वर्षांचा. नियमानं खलाशाच्या मूळ पगारातले किमान ८० टक्के थेट घरी जातात, ते 'अलॉटमेंट'. त्या पैशाचा तो महिन्याच्या महिन्याला हिशोब लिहायचा. धाकट्या मुलीची नर्सिंग कॉलेजची फी. आईच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या. भावाच्या ट्रायसिकलचा हप्ता, कारण भावाला एंडो लागला होता. बहिणीची दोन मुलं, कारण बहीण हाँगकाँगमध्ये दुसऱ्यांच्या घरी मोलकरीण होती आणि तिचे पैसे एजन्सीचं कर्ज फेडण्यात जात होते. वादळात उडालेल्या छपराचे पत्रे. एकूण ११ माणसं. वहीच्या शेवटच्या ओळीत तो स्वतःसाठी एक आकडा लिहायचा, आणि मी पाहिलेल्या चार महिन्यांपैकी तीन महिने तो खोडलेला होता.

आपल्या कोकणातही मुंबईच्या मनीऑर्डरीवर गावं चालली, हे तू आजीकडून ऐकलं असशील. पण तिथे हे सरकारनं ठरवून केलं. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी मार्शल लॉ लावला, आणि १९७४ च्या कामगार कायद्यात परदेशी नोकरीचं सरकारी खातंच उभं केलं. तेव्हा आखातात तेलाचा पैसा आला होता, तिथे माणसं हवी होती, आणि इथे हाताला काम नसलेल्या तरुणांची सरकारला धास्ती होती. तात्पुरता उपाय म्हणून सुरू झालेली ही सोय ५० वर्षांत देशाचा कणा झाली. २०२४ मध्ये परदेशी नोकरीला गेलेल्यांनी बँकांमधून ३,४०० कोटी डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवली. बाहेरच्यांसाठी आता स्वतंत्र मंत्रालय आहे, त्यांना 'बागोंग बायानी', नवे वीर, म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की या पैशानं घरं वाचवली आणि राज्यकर्त्यांनाही वाचवलं. घरी पैसे येतात तोवर गावात कारखाना का नाही, हा प्रश्न कुणी जोरात विचारत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग. राजकीय अस्थिरता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मोर्चे आणि रणगाडे येतात. तेही तिथे झालंय. पण गरिबाच्या घरात ती वेगळ्या वाटेनं शिरते.

मी कॅडेट असताना आमचा चीफ कुक नेग्रोस बेटावरचा होता. त्याचा बाप उसाच्या हासिएंडावर, म्हणजे मोठ्या मळ्यावर, मजूर. तोडणी संपली की पुढच्या हंगामापर्यंतच्या काळाला तिथे 'तिएम्पो मुएर्तो' म्हणतात, मेलेला काळ. मार्कोस यांच्या एका मित्राच्या हातात सगळ्या साखरेचा व्यापार दिला होता. जागतिक भाव कोसळले तेव्हा, १९८४-८५ मध्ये, मळेवाल्यांनी ऊस लावणंच सोडलं आणि मेलेला काळ संपलाच नाही. त्याआधी ऑगस्ट १९८३ मध्ये विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो यांची विमानतळावरच हत्या झाली होती, पैसेवाल्यांनी आपला पैसा देशाबाहेर नेला, सरकारनं कर्जाचे हप्ते थांबवले, आणि दोन वर्षं लागोपाठ अर्थव्यवस्था ७ टक्क्यांच्या आसपास आकसली. नेग्रोसमध्ये मुलं भुकेनं गेली. त्या कुकची एक बहीण त्यातली. १९८६ च्या फेब्रुवारीत मनिलातल्या एद्सा रस्त्यावर लाखो लोक उतरून मार्कोस गेले, ते जगानं पाहिलं. कुक म्हणायचा, ते आम्ही रेडिओवर ऐकलं, तेव्हा घरात तांदूळ नव्हता. त्याच वर्षी तो पहिल्यांदा जहाजावर चढला.

अलीकडचं उदाहरण घे, ते तर कुणाच्या लक्षातही राहिलं नसेल. २०१९ चं बजेट संसदेच्या दोन सभागृहांच्या भांडणात अडकलं. कुणी कुणाच्या मतदारसंघाची कामं त्यात घुसवली यावरून वाद. सही व्हायला १५ एप्रिल उजाडला. तोवर जुन्या बजेटवर कारभार, नवी कामं बंद. त्यातच मे महिन्यात निवडणूक, आणि निवडणुकीआधी सार्वजनिक बांधकामांवर बंदी असते. साडेचार महिने रस्ते, शाळा, पूल थांबले. पेपरात बातमी आली की विकासदर ६ टक्क्यांखाली गेला. माझ्याकडे बातमी अशी आली की खलाशांच्या बायका अलॉटमेंट वाढवून मागायला येऊ लागल्या, कारण घरातला दुसरा कमावणारा, कुणाचा दीर, कुणाचा मुलगा, बांधकामावरून घरी बसला होता.

२०२० मध्ये लॉकडाऊनमुळे बेकारी एप्रिलात १७ टक्क्यांच्या वर गेली होती, आणि त्याच वर्षी जुलैत संसदेच्या एका समितीनं एबीएस-सीबीएन या सगळ्यात मोठ्या टीव्ही कंपनीचा परवाना वाढवून द्यायला नकार दिला, ७० विरुद्ध ११ मतांनी. दुतेर्ते यांचा त्या वाहिनीवर राग होता हे सगळ्यांना माहीत होतं. कंपनीत सुमारे ११ हजार माणसं होती. त्यातले हजारो ऑगस्टअखेर घरी गेले. कॅमेरामन, ड्रायव्हर, मेकअप करणाऱ्या बाया. राजकारण आणि नोकरी यांच्यामधलं अंतर इतकं कमी झालेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

आणि दुतेर्ते यांची अमली पदार्थांविरुद्धची मोहीम. सरकारी आकड्यानंच पोलीस कारवायांत ६ हजारांहून जास्त माणसं मेली, मानवाधिकार संघटना तो आकडा कितीतरी जास्त सांगतात. मेलेले बहुतेक शहरातल्या वस्त्यांमधले पुरुष, ट्रायसिकलवाले, हमाल. म्हणजे त्या प्रत्येक घरातला रोजचा पैसा आणणारा हात गेला. त्यांच्या विधवा पुढे परदेशी मोलकरणीच्या एजन्सीत रांगा लावताना दिसायच्या. मुलं आजीकडे. या मोहिमेबद्दल बोलताना लोक कायदा-सुव्यवस्थेवर वाद घालतात, मला मात्र आधी त्या आज्या आठवतात.

तुझ्या मेसमधली माणसं एकमेकांशी बोलायची का थांबतात, ते आता सांगतो. तिथे राष्ट्राध्यक्ष एकदाच, सहा वर्षांसाठी, आणि उपाध्यक्ष वेगळ्या मतदानानं निवडून येतो. दोघं एकमेकांचे वैरी असू शकतात. २०२२ मध्ये मार्कोस यांचा मुलगा आणि दुतेर्ते यांची मुलगी जोडीनं लढले आणि जिंकले. दोन वर्षांत फाटलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये उपाध्यक्ष सारा दुतेर्ते यांच्यावर महाभियोग मंजूर झाला, जुलैत सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. मधल्या मार्चमध्ये तिच्या वडिलांना त्या अमली पदार्थांच्या मोहिमेतल्या हत्यांबद्दल अटक करून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे पाठवलं. तुझा ऑइलर मार्कोस यांच्या इलोकोसचा असेल आणि फिटर दुतेर्ते यांच्या दावाओचा, तर एकाला ते न्याय वाटतं आणि दुसऱ्याला घरातल्या वडीलधाऱ्याला पळवून नेल्यासारखं. दुतेर्ते यांच्या बाहेरच्या समर्थकांनी तेव्हा आठवडाभर घरी पैसे पाठवू नका असं आवाहनही केलं होतं. माझा एक दावाओचा फिटर तेव्हा तीन दिवस थांबला. चौथ्या दिवशी मुलाची परीक्षा फी भरायची होती.

त्याच वर्षी जुलैच्या पुरानंतर बाहेर आलं की पूरनियंत्रणाची कितीतरी कामं कागदावरच झाली होती. तीन वर्षांत ५४ हजार कोटी पेसोंहून जास्त रकमेची कामं, त्यातला पाचवा हिस्सा फक्त १५ कंत्राटदारांकडे. बुलाकानमध्ये बिलं पूर्ण काढलेली आणि जागेवर बांध नाही. बुलाकानचा एक एबी मला फोनवर सांगत होता, घरात कमरेएवढं पाणी आहे, बायकोनं फ्रिज टेबलावर चढवलाय, आणि नकाशात आमच्या घरामागे भिंत दाखवलीय. २१ सप्टेंबरला, मार्शल लॉच्या तारखेलाच, मनिलात प्रचंड मोर्चे निघाले. ते निघायलाच हवे होते. पण चौकशी सुरू झाली तशी सरकारी बांधकामं थंडावली, जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत विकासदर ४ टक्क्यांवर आला, आणि प्रामाणिकपणे सिमेंट कालवणारा मजूरही घरी बसला. चोरी होते तेव्हाही तोच भरतो आणि चोरी पकडली जाते तेव्हाही.

या सगळ्यात माणूस आधार कुणाचा घेतो? स्थानिक पुढाऱ्याचा. हॉस्पिटलचं बिल झालं की नातेवाईक आमदार-खासदाराच्या कचेरीत 'गॅरंटी लेटर'साठी रांग लावतात. मदतीला तिथे 'आयुदा' म्हणतात. थोड्या दिवसांचं सरकारी रोजगाराचं काम असो की रोख मदत, यादीत नाव कुणाच्या ओळखीनं लागतं हे गावात प्रत्येकाला माहीत असतं. १९८७ च्या राज्यघटनेत घराणेशाहीला मनाई लिहिलीय, पण तिची व्याख्या कायद्यानं करायची आहे आणि तो कायदा घराण्यांनीच भरलेल्या संसदेनं आजवर केलेला नाही. म्हणून पुढारी बदलला की गरिबाची यादी बदलते. त्याच्यासाठी अस्थिरता म्हणजे हे: काल ज्याच्या दारात उभं राहिलो तो आज पडला, आता कुणाच्या दारात जायचं?

उलट उदाहरणही आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. मुलं शाळेत गेली, लस घेतली, तर आईच्या हाती रोख पैसे, ही 'फोर-पीज' नावाची योजना २००८ मध्ये राष्ट्राध्यक्ष आरोयो यांच्या काळात सुरू झाली, पुढचे राष्ट्राध्यक्ष अक्विनो (विमानतळावर मारल्या गेलेल्या नेत्याचे पुत्र) यांनी ती वाढवली, आणि २०१९ मध्ये तिचा कायदा झाला. चार राष्ट्राध्यक्ष झाले, ती टिकली. गळती आहे, तक्रारी आहेत. तरी कायद्यात बसवलेलं काम सरकार बदललं म्हणून रातोरात पुसता येत नाही, हे त्या बायकांनी अनुभवलंय. २०२४ मध्ये खलाशांच्या हक्कांचा कायदाही आला. तो नीट राबला तर कालावच्या रस्त्यावरची ती पोरं झाडू सोडून जहाजावर दिसतील अशी मला आशा आहे.

मुलांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण जास्त लिहवत नाही. बाहेर नोकरीला असलेल्यांत निम्म्याहून जास्त बाया आहेत. त्या दुसऱ्यांची मुलं सांभाळतात आणि त्यांची मुलं आजी सांभाळते. माझ्या त्या बोसनला तीन मुलं, आणि तिन्ही जन्मली तेव्हा तो समुद्रावर होता. मधली मुलगी सहा वर्षांची होईपर्यंत त्याला 'अंकल' म्हणायची.

तू विचारलं नाहीस, तरी तू काय करू शकतोस ते सांगतो. मेसमध्ये मार्कोस की दुतेर्ते हा विषय तू काढू नकोस, कुणी काढला तर बाजू घेऊ नकोस. वादळाची बातमी आली की ब्रिजवरून सगळ्यात आधी त्याचा मार्ग बघ आणि ज्यांची घरं त्या पट्ट्यात आहेत त्यांना स्वतः जाऊन सांग. त्या रात्री त्यांना फोनची वेळ जास्त मिळेल असं कॅप्टनना सुचव. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं की तो अचानक गप्प होतो, चिडतो, झोपत नाही. आपल्याला वाटतं, घरी जायचंय तर खूश असायला हवा. त्याच्या डोक्यात पगार थांबण्याची तारीख असते. त्याचा सर्व्हिस रिपोर्ट तेव्हाच वेळेवर लिहून घे, चीफ ऑफिसरची सही घे, आणि कंपनी त्याला परत बोलावणार आहे का याचं लेखी उत्तर ऑफिसकडून मागव. आम्हा क्रूइंगवाल्यांना असे मेल वाढले की कंटाळा येतो. तरी पाठव. साइन ऑफच्या दिवशी, म्हणजे जहाज सोडताना, गँगवेवर तो कागद ज्याच्या खिशात असतो, तो घरी पोचल्यावर दुसऱ्याच सकाळी कालावला जात नाही.